सगळ्यात आजारी माणसाचा रिपोर्ट स्वच्छ कसा?

कोपरखैरणेच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. घणसोलीत एका वास्तुशांतीला घरातले सहाजण जेवले. मसालेभात होता, बासुंदी होती. चौघांना तीन तासांत उलट्या सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे ठणठणीत. पुढे दहा-बारा दिवसांनी ६८ वर्षांचे सासरे पाण्यासारख्या जुलाबांनी इतके खंगले की रात्रीतून अ‍ॅडमिट करून एकामागून एक सलाइन लावाव्या लागल्या. ताप नाही, पोटात कळ नाही, आणि स्टूल रिपोर्टमध्ये ‘पस सेल्स १-२, आरबीसी निल’, म्हणजे तांबड्या पेशी नाहीतच. त्याच आठवड्यात दिराच्या पाच वर्षांच्या मुलाला ताप आला, मुरडा आला, थोडी थोडी शी आणि तिच्यात रक्त-शेम. त्याचा रिपोर्ट ‘पस सेल्स प्लेंटी’. त्याला सलाइन लागलीच नाही. ताईंचं म्हणणं, जो मरणाच्या दारात होता त्याचा रिपोर्ट स्वच्छ आणि जो घरभर फिरत होता त्याचा खराब, म्हणजे लॅबने डब्या बदलल्या का? जंतूंचं विष आतड्याच्या पेशींना नेमकं करतं काय? मुलाच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकला एक दिवस का थांबवलं? आणि सासऱ्यांना घरी येऊन आठवडा झाला तरी दिवसाला तीन-चारदा पातळ होतंय, तर आतडं आतून खराब झालंय का?

मी ठाण्यात मायक्रोबायॉलॉजिस्ट आहे. पेशंट क्वचितच बघते. माझ्या टेबलावर येतात त्या डब्या, आणि डब्यांच्या मागोमाग फिजिशियनांचे फोन. त्यामुळे औषध कोणतं आणि किती हे मी सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनी सांगायचं. पण डब्या बदलल्या असतील असं तुमच्या वर्णनावरून मला वाटत नाही. दोन्ही रिपोर्ट त्या त्या आजाराला अगदी शोभणारे आहेत.

ताई, तुमच्या प्रश्नात एक गृहीत धरलेलं आहे: जितके जास्त जुलाब, तितकी आतड्याची जास्त नासाडी. बहुतेकांना तसंच वाटतं, आणि नव्याने लॅबमध्ये आलेल्या मुलामुलींनाही वाटतं. प्रत्यक्षात या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. काही विषं पेशीला जिवंत ठेवून तिच्याकडून पाणी सोडवून घेतात. काही विषं पेशी मारतात. काही पेशींच्या मधले सांधे उसवतात. आणि काहींना आतड्याच्या पेशीशी फारसं देणंघेणंच नसतं, ती थेट उलटीचा इशारा देतात. तुमच्या घरात पंधरा-वीस दिवसांत यातले निदान तीन प्रकार येऊन गेले असावेत.

आधी निरोगी आतड्याचं गणित बघा. दिवसभरात लहान आतड्यात साधारण ८ ते ९ लिटर द्रव येतो. त्यातला जेमतेम दोन लिटर आपण प्यायलेला आणि खाल्लेला. बाकी सगळा लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा स्राव. एवढ्यातून शौचावाटे बाहेर पडतं ते फक्त १०० ते २०० मिलिलिटर पाणी. बाकीचं शरीर परत घेतं. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे उंचवटे असतात, त्यांवरच्या पेशी मुख्यतः शोषून घेण्याचं काम करतात, आणि त्यांच्या बुडाशी खोलगट खळगे असतात, तिथल्या पेशी स्राव सोडतात. सोडणं आणि शोषणं दोन्ही अखंड चालू असतं. हा तोल थोडासा जरी हलला तरी लिटरच्या हिशेबात पाणी बाहेर जाऊ लागतं. त्यासाठी एकही पेशी मरावी लागत नाही.

आता सासऱ्यांकडे येऊ. तापाशिवाय, कळांशिवाय, भाताच्या पेजेसारखे धो धो जुलाब, काही तासांत डोळे खोल गेलेले, आवाज बसलेला, पोटऱ्यांत गोळे, असं चित्र पावसाळ्यात आलं की आमच्याकडे पहिला संशय कॉलऱ्याचा. त्यांना कॉलराच होता असं मी म्हणत नाही. ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूच्या एका जातीनेही हुबेहूब असंच होतं, आणि कधी विषाणूंनीही. पण कॉलऱ्याचं विष समजलं की हा सगळा प्रकार समजतो, म्हणून त्यावर जरा रेंगाळते.

कॉलऱ्याचा जंतू आतड्याच्या भिंतीत शिरतच नाही. तो पृष्ठभागाला चिकटून बसतो आणि तिथून विष सोडतो. या विषाच्या रेणूचे दोन भाग. पाच सारख्या तुकड्यांचं एक कडं, आणि त्यावर बसलेला एक कामाचा तुकडा. कडं पेशीच्या कातडीवरच्या जीएम-१ नावाच्या एका स्निग्ध रेणूला घट्ट धरतं. पेशी त्या सगळ्या गाठोड्याला आत ओढून घेते, आणि ते तिच्याच अंतर्गत वाहतुकीच्या मार्गाने उलटं प्रवास करत खोल आत पोचतं. तिथे कामाचा तुकडा सुटा होतो आणि पेशीच्या एका नियंत्रक प्रथिनावर, म्हणजे जी-प्रथिनावर, एक रासायनिक शेपूट डकवतो. हे प्रथिन एरवी गरजेपुरतं चालू होतं आणि स्वतःहून बंद होतं. शेपूट लागल्यावर त्याला बंदच होता येत नाही. मग पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू साचत जातो, क्लोराइडची दारं उघडी राहतात, क्लोराइड आतड्याच्या पोकळीत जातं, त्याच्या पाठोपाठ सोडियम, आणि त्यांच्यामागे पाणी. त्याच वेळी वरच्या पेशींचं मीठ शोषण्याचं नेहमीचं कामही मंदावतं. जोराच्या कॉलऱ्यात मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. सासऱ्यांना एवढ्या सलाइन का लागल्या याचा हिशेब इथे आहे.

आणि या सगळ्यात पेशी जिवंत. तिला भोक नाही, तिच्याभोवती सूज नाही. सूज नाही म्हणून पांढऱ्या पेशी तिथे धावून येत नाहीत, आणि रिपोर्टमधल्या ‘पस सेल्स’ म्हणजे त्याच धावून आलेल्या पांढऱ्या पेशी. रक्तवाहिनी फाटलेली नाही, म्हणून आरबीसी निल. सूक्ष्मदर्शकाखाली तो नमुना खरंच जवळजवळ रिकामा दिसतो. रिपोर्ट लिहिणाऱ्याने जे दिसलं तेच लिहिलं.

पूर्वी डॉक्टरांनाही तुमच्यासारखंच वाटायचं. कॉलऱ्याने गेलेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनात आतड्याचं अस्तर सुटून आलेलं दिसायचं, तेव्हा आजाराने अस्तर सोलवटतं असा समज पक्का झाला होता. १९६० साली छापून आलेल्या एका अभ्यासात बँकॉकमधल्या कॉलऱ्याच्या जिवंत रुग्णांच्या आतड्यांचे बारीक तुकडे तपासले गेले आणि अस्तर शाबूत निघालं. सोलवटणं हा मृत्यूनंतरचा बदल होता. त्याच्या वर्षभर आधी, १९५९ मध्ये, कोलकात्याचे शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा भाग दोन्हीकडून बांधून त्यात कॉलऱ्याच्या जंतूंचा गाळलेला द्रव सोडला. त्यात जंतू एकही नव्हता, तरी आतडं पाण्याने टम्म फुगलं. म्हणजे काम जंतूचं नाही, त्याने सोडलेल्या पदार्थाचं. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यातच १८८४ साली हा जंतू ओळखला होता, तेव्हापासून जवळपास पाऊणशे वर्षं हा मुद्दा अडून होता, आणि तो बांधलेल्या आतड्याच्या एका साध्या प्रयोगाने सुटला. डे यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत जेमतेम एका ओळीत येतं, याचा मला आजही राग येतो.

पेशी जिवंत राहते, यातूनच उपचार निघाला. आतड्याच्या पेशीवर ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत घेणारं एक वेगळं दार असतं. कॉलऱ्याचं विष त्याला हात लावत नाही. म्हणून नुसतं पाणी प्यायलं तर ते वाहून जातं, नुसतं मीठही वाहून जातं, पण मीठ आणि ग्लुकोज योग्य प्रमाणात एकत्र दिलं की ते आत घेतलं जातं आणि त्यांच्याबरोबर पाणीही. ओआरएस म्हणजे एवढंच. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइनचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते पिंपांतून पाजायला लावलं आणि असंख्य माणसं वाचवली. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटर पाण्याला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. प्रमाण महत्त्वाचं. साखर जास्त झाली की ती स्वतःच पाणी आतड्यात खेचते. टेट्रापॅकमधली गोड पेयं ‘ओआरएस’ म्हणून खपवली जात होती, त्या नावाच्या वापराला एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. फार आधी व्हायला हवं होतं. केमिस्टकडे गेलात तर पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का ते वाचून घ्या, आणि अख्खं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात घाला. पेल्यात चिमूटभर टाकून पिणारे लोक मी खूप पाहिलेत.

ई. कोलायच्या ज्या जातीचा उल्लेख केला, तिची दोन विषं असतात. एक कॉलऱ्याच्या विषाचं सख्खं भावंड, उष्णतेने निकामी होणारं. दुसरं इवलंसं, उकळूनही टिकणारं, आणि ते वेगळ्या दारातून तोच परिणाम घडवतं. गंमत म्हणजे ते ज्या दाराला जाऊन चिकटतं, त्याच दारावर काम करणारं लिनॅक्लोटाइड नावाचं औषध आता जुनाट बद्धकोष्ठासाठी दिलं जातं. पेशीच्या दृष्टीने जुलाब करणारं विष आणि पोट साफ करणारं औषध यांत फरक फक्त मात्रेचा.

सासऱ्यांना नेमकं काय होतं हे आता कळेल का? कदाचित नाही. ते तीन गोष्टींवर अवलंबून आहे: नमुना कधी घेतला, त्याआधी काय घेतलं होतं, आणि कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं, सांगितलं होतं का. तुम्ही लिहिलंय की अ‍ॅडमिट होण्याआधी दोन दिवस केमिस्टकडून आणलेल्या ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलच्या गोळ्या चालू होत्या. ही जोडगोळी ठाण्यापासून पनवेलपर्यंत घराघरांत चॉकलेटसारखी खाल्ली जाते. तिच्यानंतर घेतलेल्या नमुन्यात कॉलऱ्याचा जंतू वाढण्याची शक्यता फार कमी. शिवाय साध्या स्टूल रुटीनमध्ये कॉलरा शोधला जात नाही. त्यासाठी ताज्या नमुन्याचा काचेखाली लोंबता थेंब सूक्ष्मदर्शकातून बघतात, त्यात हे जंतू सुसाट तिरासारखे धावतात, आणि टीसीबीएस नावाच्या खास माध्यमावर ते पिवळ्या वसाहती देतात. डॉक्टरांनी फॉर्मवर ‘कल्चर’ किंवा ‘व्हिब्रिओ’ (कॉलऱ्याच्या जंतूच्या घराण्याचं नाव) लिहिलं नसेल तर लॅब ते करत नाही. खरोखर कॉलरा निघाला तर तो महापालिकेच्या आरोग्य खात्याला कळवावा लागतो, कारण मग प्रश्न तुमच्या घरापुरता राहत नाही. नवी मुंबईला मोरबे धरणाचं शुद्ध केलेलं पाणी येतं, त्याबद्दल मला फारशी शंका नसते. शंका असते ती सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीची आणि वस्तीतल्या जुन्या पाइपांची. पाणी बंद असताना पाइपातला दाब उतरतो, आणि पाइप कुठे फुटका असेल तर शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. तुमच्या टाकीचं झाकण आणि शेवटच्या सफाईची तारीख सेक्रेटरींना एकदा विचारा.

वास्तुशांतीचं प्रकरण यापेक्षा खूपच सोपं आहे. तीन तासांत उलट्या आणि सकाळी बरे, याचा अर्थ जंतूंना तुमच्या पोटात वाढायला वेळच मिळाला नाही. विष आधीच अन्नात तयार होतं. दोन संशयित. बासुंदीत स्टॅफिलोकोकस, जो वाढणाऱ्याच्या हातावरच्या जखमेतून किंवा नाकातून येतो. मसालेभातात बॅसिलस सिरियस, ज्याची बीजं भात शिजवताना मरत नाहीत आणि मोठ्या पातेल्यात झाकून ठेवलेल्या कोमट भातात मजेत रुजतात. दोघांचंही उलटीचं विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणून ‘परत गरम केलं होतं’ हे उत्तर इथे लागू होत नाही, गरम केल्यावर जंतू मेले असतील, विष तसंच राहिलं. हे विष पोटातल्या मज्जातंतूंना चेतवतं, ते मेंदूच्या उलटी केंद्राला कळवतात. आतड्याच्या अस्तराची मोडतोड हा इथला मुख्य मुद्दाच नाही. संसर्ग नाही म्हणून अँटिबायोटिकचाही उपयोग नाही.

जेवणानंतर आठ ते सोळा तासांनी कळा आणि जुलाब आले असते, उलट्या नसत्या, तर मी क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सकडे बोट दाखवलं असतं. मोठ्या पातेल्यातल्या मटणाच्या रश्श्याचा हा जुना साथीदार. त्याचं विष पेशींना एकमेकींशी बांधणाऱ्या क्लॉडिन नावाच्या प्रथिनांना पकडतं, पेशीच्या कातडीला भोकं पाडतं, त्यातून कॅल्शियम आत घुसतं आणि पेशी मरते. शिंपल्या (तिसऱ्या) किंवा कोळंबी अर्धीकच्ची खाल्ल्यावर येणारा व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसही भोकंच पाडतो. तुमच्या घरी दोन्ही नव्हते, म्हणून पुढे जाते.

पुतण्याचा आजार वेगळ्याच घराण्यातला. ताप, मुरडा, रक्त, शेम, पस सेल्स प्लेंटी: याला आम्ही आमांश म्हणतो, आणि लहान मुलांत आपल्याकडे याचं सर्वांत नेहमीचं कारण शिगेला. हा जंतू पृष्ठभागावर बसून राहत नाही, आत शिरतो. मोठ्या आतड्याच्या अस्तरात पहारेकरी पेशी असतात, त्या चव घ्यायला म्हणून जंतूला आत घेतात, आणि तो त्यांच्याखालच्या भक्षक पेशींना मारून मोकळा होतो. मरताना त्या पेशी मदतीची रासायनिक हाक देतात. पांढऱ्या पेशींची झुंड धावून येते आणि येताना अस्तराच्या पेशींमधले सांधे उसवत येते, त्या वाटेने आणखी जंतू आत. मग शिगेला एका पेशीतून थेट शेजारच्या पेशीत घुसत जातो, बाहेर न येता. पेशी मरतात, व्रण पडतात, रक्त येतं. यातलं बरंचसं नुकसान शरीराच्या स्वतःच्या दाहामुळे होतं. यासाठी फार जंतूही लागत नाहीत, दहा ते शंभर पुरतात, म्हणून बालवाडीत एका मुलाकडून दुसऱ्याकडे इतका सहज जातो.

मग याला पाणी कमी का गेलं? कारण मार लागला मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला. बहुतेक पाणी त्याआधीच लहान आतड्याने शोषून घेतलेलं असतं. थोडी थोडी शी, पण पुन्हा पुन्हा. रिपोर्ट भयानक, सलाइनची गरज नाही. आतड्याची खरी मोडतोड झाली ती या खेळणाऱ्या मुलाची, सासऱ्यांची नाही.

आता अँटिबायोटिकचा एक दिवस. शिगेलाच्या एका प्रकारात आणि ई. कोलायच्या काही जातींत शिगा नावाचं विष असतं. हे पेशीत शिरून तिच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेतला, रायबोसोममधला, एक ठरावीक अणुगट उचकटून टाकतं. तेवढ्याने प्रथिनं बनणं थांबतं आणि पेशी मरते. एरंडीच्या बियांतलं रायसिन नेमक्या याच जागी घाव घालतं. शिगा विषाची खरी भीती आतड्यापुरती नाही. ते रक्तात उतरलं तर मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला धरतं. ई. कोलायच्या या जातींमध्ये विषाचं जनुक जंतूच्या स्वतःच्या मालकीचं नसतं, जंतूत दबा धरून बसलेल्या एका विषाणूचं असतं. काही अँटिबायोटिकांनी जंतूच्या डीएनएला इजा झाली की हा विषाणू जागा होतो, भराभर वाढतो, आणि जंतू फुटताना विषाचा पूर येतो. म्हणून या जातींची शंका असेल तर डॉक्टर अँटिबायोटिक टाळतात.

उलट, साध्या शिगेलाच्या आमांशात अँटिबायोटिक द्यायलाच हवं, मुलांमध्ये तर नक्की. आपल्याकडे शिगेला जास्त, शिगा विषवाले ई. कोलाय कमी, त्यामुळे बरेच डॉक्टर पहिल्याच दिवशी सुरू करतात आणि ते चूक नाही. तुमच्या डॉक्टरांनी कल्चरचा पहिला निरोप येईपर्यंत थांबायचं ठरवलं असेल, तर मूल पाणी पीत होतं, लघवी होत होती, ताप आटोक्यात होता, असं काहीतरी बघूनच. मूल मलूल असतं, झटके आले असते, तर कोणी थांबलं नसतं. यात एकच नियम सगळ्यांना लावता येत नाही. एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते: रक्त पडत असताना जुलाब ‘बांधणाऱ्या’ लोपेरामाइडसारख्या गोळ्या मुलाला देऊ नका. जंतू आणि विष आतच कोंडून राहतात. आणि जुलाब थांबल्यानंतरचा आठवडाभर त्याच्याकडे लक्ष ठेवा. चेहरा पांढरा पडला, लघवी खूप कमी झाली, पापण्या सुजल्या, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा. मूत्रपिंडाचा त्रास बहुधा जुलाब ओसरत आल्यावरच दिसतो, त्यामुळे ‘आता बरं वाटतंय’ म्हणून तो निसटतो.

इथवर आलेलं जमवून सांगते. वास्तुशांतीला विष तयार आलं, आतड्याला काही झालं नाही. सासऱ्यांच्या पेशी जिवंत राहून पाणी सोडत होत्या, रिपोर्ट स्वच्छ. मुलाच्या पेशी मेल्या, रिपोर्ट खराब. राहिले सासऱ्यांचे आताचे पातळ जुलाब.

‘आतडं आतून खराब झालंय का’ याचं उत्तर, पहिल्या आजारामुळे तरी नसावं. आतड्याच्या अस्तराच्या पेशी तशाही तीन ते पाच दिवसांत झडून नव्या येतात. विषाने पकडलेली पेशीही त्याच हिशेबात निघून जाते. आठवड्यानंतर जुन्या विषाचा परिणाम राहायला नको. मग दोन शक्यता बघते. तुम्ही लिहिलंय की चहा-दूध घेतल्यावर जास्त होतं. दूध पचवणारं लॅक्टेज पेशींच्या अगदी वरच्या कडेला असतं. अस्तराला धक्का बसला की ते आधी जातं आणि सगळ्यात शेवटी परत येतं. शिवाय आपल्याकडे या वयात ते मुळातच कमी असलेले पुष्कळ लोक असतात, एरवी दोन कप चहा निभावून जातो, आजारपणानंतर तेवढाही निभावत नाही. दहा-पंधरा दिवस दूध बंद करून बघा. ताक-दही बहुधा चालतं.

दुसरी शक्यता मला जास्त गंभीर वाटते, आणि तिचा संबंध त्या केमिस्टच्या गोळ्यांशी, कदाचित हॉस्पिटलमधल्या इंजेक्शनांशीही आहे. अँटिबायोटिकांनी आतड्यातले नेहमीचे जंतू मारले गेले की रिकाम्या जागेत क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल वाढू शकतो, साठीच्या पुढच्या माणसांत विशेष. त्याची दोन मोठी विषं पेशीच्या आतल्या सांगाड्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या प्रथिनांवर साखरेचा एक रेणू चिकटवतात. प्रथिनं निकामी होतात आणि मांडवाचे सुंभ सोडल्यावर बांबू जागच्या जागी ढासळावेत तसा पेशीचा सांगाडा कोसळतो. पेशी गोल होते, शेजारणीपासून सुटते, मधून पाणी गळतं, दाह सुरू होतो, आणि वाढलं तर मोठ्या आतड्यावर पिवळट पापुद्रे धरतात. सासऱ्यांना ताप, पोट दुखणं किंवा फुगणं, किंवा जुलाब कमी होण्याऐवजी वाढणं, यातलं काही असेल तर वाट बघू नका. हे काही नसेल पण दूध बंद करूनही तीन-चार दिवसांत फरक पडला नाही, तरी डॉक्टरांना या जंतूच्या विषाची तपासणी करायची का ते विचारा. रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिनही बघून घ्यायला सांगा, इतकं पाणी गेल्यावर या वयात मूत्रपिंडाला ताण पडलेला असू शकतो. तोवर त्यांच्या बाथरूमनंतर घरातल्यांनी साबण-पाण्याने हात धुवावेत, सॅनिटायझरने या जंतूची बीजं मरत नाहीत. आणि उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवू नका.

तपासणी करायची ठरली तर फॉर्मवर ‘सी. डिफिसिल टॉक्सिन’ असं स्पष्ट लिहून आणा, आणि कोणत्या तारखेपर्यंत कोणतं अँटिबायोटिक चालू होतं तेही. नमुना पातळ असेल तरच घ्या, डबीत बांधून आलेली शी आम्ही या तपासणीसाठी परत पाठवतो, कारण जुलाब नसताना हा जंतू सापडला तरी त्याचा अर्थ लागत नाही. डबी कोरडी, रुंद तोंडाची, झाकण घट्ट. लघवी किंवा कमोडचं पाणी मिसळू देऊ नका. आणि घरी येऊन नमुना नेणाऱ्या मुलाच्या भरवशावर राहू नका. त्याच्या पिशवीत तुमच्यानंतरची आणखी पाच घरं असतात, आणि ऐरोली नाक्यावर तो अडकला की दोन तास सहज जातात. कोणीतरी स्वतः लॅबमध्ये नेऊन द्या, लगेच जमत नसेल तर तोवर फ्रीजच्या खालच्या खणात, प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत ठेवा.